कास, बामणोली, वासोटा: तळ्याकाठी पायी फिरायला कधी यावं?

कास-बामणोलीला कधी यावं, असं साताऱ्यात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: सप्टेंबर, फुलांच्या वेळी. फुलं बघायला येणाऱ्यासाठी ते बरोबर आहे. पण तीन-चार दिवस पाठीवर पिशवी टाकून डोंगर, पठार आणि पाण्याच्या काठानं चालायचं असेल, तर सप्टेंबर हा चुकीचा महिना आहे. आमची पहिली पसंती नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच्या दिवसांना. त्यानंतर जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य. बाकीच्या महिन्यांत या भागात यायला कारणं आहेत, चांगली कारणं आहेत, पण ती चालण्याची नाहीत.

इथे ज्या पट्ट्याचं परीक्षण केलं आहे, तो यवतेश्वर घाट चढल्यावर सुरू होतो: पेट्री, कास पठार, कास तलाव, तिथून खाली बामणोली, कोयनेचा शिवसागर जलाशय आणि पलीकडच्या जंगलातला वासोटा किल्ला. सातारा ते कास साधारण 25 किलोमीटर, बामणोली त्याच्या पुढे बारा-तेरा. वाटा, बोट, परवाने, मुक्काम, जेवण आणि गाडीरस्ता, सगळं धरून हे मत दिलं आहे.

आधी पाण्याचा हिशेब

हंगाम ठरवताना लोक पाऊस आणि थंडी बघतात, जलाशयाची पातळी कुणी बघत नाही. या भागात निम्मी मजा त्या पातळीवर ठरते. तळ्याकाठच्या भटकंतीसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली बहुतेक तळी नैसर्गिक आहेत, वर्षभर त्यांचा काठ फारसा हलत नाही. आपल्याकडचे सगळे मोठे जलाशय धरणांचे. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धरण भरतं आणि पाऊस थांबला की उतरायला लागतं, कारण वीजनिर्मितीसाठी पाणी पश्चिमेला पोफळीकडे सोडलं जातं आणि शेतीसाठी पूर्वेला नदीत. वीजनिर्मितीचा कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिलेला वाटाच 67.5 टीएमसी आहे. जूनच्या सुरुवातीला साठा बऱ्याच वर्षी 20 टीएमसीच्या आसपास किंवा त्याखाली येतो.

चालणाऱ्याला याचा अर्थ असा. नोव्हेंबरात पाणी झाडीच्या रेषेपर्यंत असतं, काठावर गवत असतं, बोटीतून उतरलं की थेट वाट लागते. एप्रिलमध्ये त्याच जागी झाडी आणि पाणी यांच्यामध्ये लाल-करड्या गाळाचा उघडा पट्टा पसरतो. उतार जिथे कमी, तिथे हा पट्टा फार रुंद होतो. बोट लांब खाली लागते, तिथून उन्हात चढून यावं लागतं. तापोळा हे गाव जलाशयाच्या वरच्या टोकाला असल्यामुळे तिकडचं पाणी आधी आटतं. फोटोत बघितलेलं भरलेलं तापोळं मे महिन्यात शोधायला जाणाऱ्यांची निराशा ठरलेली.

गाळाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वरचा थर वाळून भेगाळलेला दिसतो, पाय ठेवला की कडकही वाटतो. पाण्याजवळ जाल तसा खालचा गाळ ओलाच असतो, आणि पपडी फुटली की पाय एकदम गुडघ्यापर्यंत आत जातो. घाबरून दुसरा पाय जोरात रोवला की तोही अडकतो. अशा वेळी मागे बसून वजन पसरायचं आणि पाय हळू वर ओढायचा. त्यापेक्षा सोपं म्हणजे जनावरांच्या खुरांच्या ताज्या खुणा आहेत तिथूनच पाण्याकडे उतरायचं. गुराख्यांना कुठली जागा धरते ते माहीत असतं.

जून ते ऑगस्ट: गाडीतून बघण्याचे दिवस

सातारा शहरात वर्षाला सुमारे 1,000 मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. कास आणि बामणोली या दोन टोकांच्या मध्ये येतात. जसजसं पश्चिमेला जाल तसतसा पाऊस वाढतो, त्यामुळे साताऱ्यात भुरभुर असली तरी कासला मुसळधार असू शकते. 22 ते 23 जुलै 2021 या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसांत पाटण-जावळी भागात दरडी कोसळून माणसं गेली. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घाट चढूच नये.

ठोसेघर आणि भांबवलीचा वजराई धबधबा याच दिवसांत भरात असतात. वजराई तीन टप्प्यांत पडतो, उरमोडी नदीचा उगमही तिथलाच. कास तलावापासून तो जवळ आहे. वाटेवर जळवा भरपूर. मोजे पँटवर ओढून घ्यायचे, बुटाच्या वरच्या कडेला मीठ चोळायचं, आणि चिकटलीच तर उपटायची नाही. नख तिच्या तोंडाखाली कातडीला लागून सरकवलं की ती सुटते. रक्त बराच वेळ येत राहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. धुऊन कापसानं दाबून धरायचं.

वासोटा या काळात बंद. दाट धुक्यात पठारावर वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि जांभ्यावर शेवाळ धरल्यामुळे साध्या सपाट कातळावरही पाय सटकतो. मुक्कामाचं चालणं या तीन महिन्यांत सुचवणार नाही.

सप्टेंबर: फुलांसाठी एक दिवस, तोही मधल्या वारी

कास पठार साधारण 1,200 मीटर उंचीवर आहे. 2012 साली पश्चिम घाटाच्या ज्या 39 जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पठार म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ आणि त्याच्या खळग्यांत दोन-चार बोटं माती. इतक्या कमी मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणूनच इथे कीटक खाऊन भागवणाऱ्या वनस्पती दिसतात. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं त्यातलीच: जमिनीलगत, ओल्या मातीत असलेल्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेतात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यावर चिलटं अडकलेली दिसतात. दोन्ही बघायला खाली बसावं लागतं. उभ्यानं चालत गेलात तर निळा रंग दिसेल, फूल दिसणार नाही.

फुलं एकदम येत नाहीत, पाळीपाळीनं येतात. जुलै-ऑगस्टात हबेआमरी आणि तिच्या जातीची जमिनीवरची ऑर्किडं. ऑगस्टअखेरपासून गेंद, सीतेची आसवं, तेरडा. सप्टेंबरच्या मध्यानंतर पिवळी सोनकी आणि कवला, म्हणजे ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात ते. पाऊस लांबला तर हा सगळा क्रम आठ-दहा दिवस पुढे सरकतो, मध्ये मोठी उघडीप पडली तर फुलं लवकर संपतात. म्हणून दोन महिने आधी तारीख पक्की करून ठेवण्यापेक्षा सप्टेंबरचा दुसरा ते चौथा आठवडा मोकळा ठेवावा आणि आठवडाभर आधी चौकशी करून बुकिंग करावं. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, ती बाकीच्या वर्षी दिसली नाही म्हणून नाराज होऊ नका.

व्यवस्थेबद्दल. हंगामात पठारावर शुल्क असतं, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा असते, ऑनलाइन बुकिंग करावं लागतं आणि गाड्या लांब उभ्या करून पुढे मिनीबसनं किंवा पायी जावं लागतं. आकडे आणि दर वर्षागणिक बदलतात, तेव्हा निघण्याआधी अधिकृत बुकिंगच्या पानावरच बघा. व्यवस्था म्हणून हे चांगलं आहे. मर्यादा नसती तर इतक्या पातळ मातीचं पठार टिकलंच नसतं, आणि आखलेल्या वाटेबाहेर पाऊल न टाकण्याबद्दल तिथले गावकरी-रक्षक हटकतात ते योग्यच करतात. शनिवार-रविवारी मात्र गर्दी इतकी होते की घाटातच तास-दोन तास जातात. मंगळवार ते गुरुवार यावं. सकाळी लवकरचा स्लॉट घेतला तर गर्दी कमी पण धुकं जास्त, दहा-अकराच्या सुमाराचा घेतला तर ऊन-सावलीत फुलं नीट दिसतात. छत्री आणू नका, पठारावरच्या वाऱ्यात ती उलटी होते. रेनकोट आणा.

आणि सगळ्यात जास्त लोकांची फसगत होते ती इथे: सप्टेंबरमध्ये कास आणि वासोटा एका सहलीत होत नाहीत. वासोट्याचं जंगल पावसाळ्यात बंद असतं आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतं, नेमकी तारीख वनखातं दरवर्षी ठरवतं. फुलांचं बुकिंग करून 'दुसऱ्या दिवशी वासोटा' असं ठरवून आलेले गट बामणोलीच्या धक्क्यावरून परत फिरतात. या काळात दुसरा दिवस काढायचाच असेल तर पठारापासून जुन्या राजमार्गानं सुमारे तीन किलोमीटरवरच्या कुमुदिनी तळ्यापर्यंत जाऊन या. पांढरी कुमुदिनी पाण्यावर पसरलेली असते आणि गर्दीचा मोठा भाग तिथवर येतच नाही.

ऑक्टोबर: दिसायला सुंदर, चालायला त्रासाचा

पाणी काठोकाठ, आकाश धुतलेलं, फोटो उत्तम. पण गवत कमरेच्या वर गेलेलं असतं आणि त्यात पायवाटा बुडालेल्या असतात. ऑक्टोबर हीट आणि जमिनीतली ओल एकत्र आल्यामुळे चढावर घामाच्या धारा लागतात. त्यात कुसळं. पिकलेल्या गवताची ही बोचरी टोकं मोज्यात शिरतात आणि चालाल तसतशी आतल्या बाजूला सरकत जातात. विणीचे लोकरी मोजे घातले तर संध्याकाळी तासभर उपसत बसावं लागतं. गुळगुळीत कापडाची ट्रॅकपँट, तिच्या टोकाला इलॅस्टिक, आणि घोट्यावर गेटर किंवा साधी कापडी पट्टी, एवढ्यानं नव्वद टक्के त्रास वाचतो. गवतात पाऊल टाकण्याआधी काठी आपटत चला. फुरसं हा साप रंगानं जांभ्याच्या दगडात मिसळून जातो आणि आपण जवळ गेलो तरी जागचा हलत नाही.

वासोटा नुकताच उघडलेला असतो तेव्हा वाटेवर पडलेली झाडं, ओल्या जागी उरलेल्या जळवा आणि दिवाळीच्या सुटीतली गर्दी, तिन्ही भेटतात. घाई नसेल तर दिवाळी होऊ द्या.

नोव्हेंबर-डिसेंबर: यासाठी सुटी राखून ठेवा

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत चित्र बदलतं. गावकरी गवत कापून गंजी रचतात, वाटा मोकळ्या होतात. जलाशयात पाणी अजून भरपूर असतं. ओढे वाहते असतात, म्हणजे जंगलात पाण्याची चिंता नसते. जळवा गेलेल्या असतात. हवा कोरडी होते आणि दुपारी बारालाही चालता येतं. फक्त वजराई या काळात बारीक धारेवर आलेला असतो, तेवढं धबधब्याचं सुख सोडून द्यावं लागतं.

थंडीचा अंदाज असा करा: सातारा शहर आणि कास यांच्यात सुमारे 500 मीटरचा फरक, म्हणजे कासला दिवसा साधारण तीन अंश कमी. रात्री मात्र गणित उलटं होऊ शकतं. निरभ्र रात्री डोंगरावरची गार हवा घसरून दरीत साठते, त्यामुळे पहाटे बामणोलीचा काठ पठारापेक्षा थंड लागतो. जलाशयाचं पाणी त्या हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून त्यावर वाफेसारखं धुकं धरतं. सकाळी सातला धक्क्यावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही, जवळच्या बोटींची नुसती टोकं दिसतात, आणि मग ऊन पूर्वेचा डोंगर ओलांडून आलं की अर्ध्या तासात सगळं उचललं जातं. दाट धुक्यात नावाडी बोट सोडत नाहीत. त्यांना घाई करू नका.

आता वासोट्याचा दिवस. इथे वेळ चुकली की सगळं चुकतं, म्हणून सविस्तर.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. बामणोलीहून मेट इंदवलीपर्यंत बोटीला तास ते दीड तास लागतो. तिथून गडाची चढाई चांगल्या चालणाऱ्याला दोन तास, मिश्र गटाला अडीच. उतराई पावणेदोन. वर तासभर तरी हवा. आठला बोट सुटली तर साडेनऊला पायथा, बाराला माथा, एकला परतीला सुरुवात, पावणेतीनला खाली आणि साडेचारला बामणोली. हाताशी दीड तास उजेड उरतो, कुणाचा पाय मुरगळला तर तो कामी येतो. हीच बोट दहाला सुटली तर तो दीड तास संपतो आणि गट उतरणीवर पळायला लागतो. अपघात होतात ते उतरणीवर, चढावर नव्हे.

म्हणून साडेसातला धक्क्यावर हजर राहा आणि कागद तयार ठेवा: गटातल्या सगळ्यांच्या नावांची यादी, प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, रोख पैसे. मोबाईलला रेंज येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे यूपीआयवर विसंबू नका. वनखात्याची परवानगी आणि बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचे पैसे वेगळे. बोट माणशी नव्हे तर अख्खी ठरते, साधारण दहा-बारा जणांची. चौघंच असाल तर धक्क्यावर दुसऱ्या छोट्या गटाला विचारून एकत्र बोट करा. मात्र त्यांची चाल आणि परतीची वेळ आधी जुळवून घ्या, कारण सगळे आल्याशिवाय बोट सुटत नाही. बोट किती तास थांबणार आणि जास्त थांबली तर वरचे पैसे किती, हे बसण्याआधी बोलून घ्यायचं. वाद होतात ते नेहमी याच एका मुद्द्यावर.

मेट इंदवली हे धरणानंतर उठलेलं गाव. तिथे वनखात्याची चौकी आहे, पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात आणि परत येताना मोजून पैसे देतात. बिस्किटांचे पुडे घरीच डब्यात रिकामे करून आणले तर तिथे वेळ जात नाही. सुरुवातीचा भाग सपाट आणि सावलीचा. ओढ्याजवळ मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत, तिथे बाटल्या भरून घ्या. पुढे चढ सुरू होतो तो थेट गडापर्यंत. जंगल इतकं दाट की माथ्याच्या थोडं अलीकडेपर्यंत ऊन लागत नाही. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे. 2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो झाला. गवा, अस्वल, बिबट्या इथे आहेत, शेकरू तर नशीब असेल तर डोक्यावरच्या फांदीवर दिसतं. मोठ्यानं बोलणारा गट काहीही न बघता परततो. वाट सोडायची नाही, मागे एकट्यादुकट्याला ठेवायचं नाही.

वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं. बाबूकड्यापाशी समोरचा तुटलेला कडा आणि खाली कोकणाची खोल उतरण दिसते, चोरवणे गाव त्याच बाजूला. पेशवाईत पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीनं पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांच्या फौजेशी हा गड झुंजवला तो का झुंजवता आला, हे इथे उभं राहिलं की कळतं. कड्याच्या टोकावर बारीक खडी आहे, कडेला उभं राहून फोटो घेऊ नका. नागेश्वराची गुहा त्याच दिवशी करायचा मोह होतो. तिला आणखी किमान तीन तास धरावे लागतात, आणि डिसेंबरच्या उजेडात ते बसत नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्यांनी फक्त वासोटा करावा. गडावर किंवा जंगलात मुक्काम करता येत नाही, तेव्हा तंबू बरोबर वागवू नका.

चौघाजणांच्या गटाला आम्ही सुचवू ती आखणी: पहिला दिवस कास तलाव आणि राजमार्गावरचं सपाट चालणं, पाय मोकळे करण्यापुरतं. दुसरा दिवस वासोटा. तिसऱ्या दिवशी बामणोलीहून शेंबडी, तेटलीकडच्या गावांमधल्या पायवाटा, जिथे कुठलाही परवाना लागत नाही आणि शिवसागर सतत डोळ्यांसमोर राहतो. चौथ्या दिवशी बोटीनं तापोळा आणि तिथून महाबळेश्वरमार्गे परत. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी हा आठवडा तेवढा टाळा. मुक्कामाचे दर वाढतात आणि काठावर रात्रभर स्पीकर वाजतात.

जानेवारी-फेब्रुवारी आणि उन्हाळा

जानेवारी हा तितकाच चांगला महिना, फक्त ओढे बारीक होतात आणि गवत सुकून गेलेलं असतं. पाणी माणशी दोन लिटरऐवजी तीन धरा. हवा स्वच्छ, लांबचं दिसतं, आणि महाबळेश्वर-भिलारकडून परतलात तर स्ट्रॉबेरी ऐन हंगामात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून वणव्याची भीती असते. वनखातं जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत आधीच जाळून केलेले मोकळे पट्टे, काढतं, तरी एक विडी पूर्ण उतार पेटवायला पुरते. वाऱ्यानं गवतातली आग माणसाच्या पळण्यापेक्षा वेगानं चढते. धूर दिसला तर वरच्या बाजूला पळायचं नाही. आधीच जळून गेलेल्या काळ्या जागेत, उघड्या कातळावर किंवा ओढ्यात जायचं.

मार्च ते मे पठारावर चालणं म्हणजे तापलेल्या तव्यावर चालणं. जांभा तापतो, सावलीला झाड नाही. सकाळी सहा ते दहा एवढंच काय ते चालता येतं. जंगलात मात्र सावली टिकून असते, त्यामुळे उन्हाळ्यात एकच गोष्ट करायची असेल तर वासोटाच करा, पाणी चार लिटर घेऊन. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून आले की वळवाआधी पठार सोडा. उघड्या कातळावर वीज पडायला तुमच्याइतकं उंच दुसरं काही नसतं. जलाशयावरही दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा वाढतात, परतीची बोट हळू येते. करवंदं आणि जांभळं ही या महिन्यांची जमेची बाजू.

बोट, मुक्काम, जेवण

बामणोलीच्या बोटसेवेला आम्ही पाचपैकी चार देऊ. दरफलक असतो, लाइफ जॅकेट मिळतं, नावाड्यांना पाण्याखालची बुडालेली झाडं आणि टेकाडं पाठ आहेत. जॅकेटचे पट्टे तुटके असतील तर बदलून मागा, देतात. एक गुण कापला तो रविवारच्या रांगेचा.

मुक्कामात फार तफावत आहे. गावात घरगुती सोय करणाऱ्यांकडे खोली साधी, पण अंथरूण कोरडं आणि जेवण गरम. तळ्याकाठच्या तंबूंबद्दल बुकिंग करताना तीन गोष्टी विचारून घ्या: तंबू पाण्यापासून किती लांब आणि किती उंचावर, शौचालय पक्कं आहे का, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद होतो का. पाण्याला लागून ठोकलेला तंबू हिवाळ्यात आतून ओला होतो, दवानं आणि आपल्याच श्वासाच्या वाफेनं. दोन्हीकडची जाळी थोडी उघडी ठेवली तर हा त्रास कमी होतो. काही ठिकाणी सांडपाणी सरळ जलाशयात सोडलेलं दिसतं. तिथे राहू नका आणि का राहत नाही ते मालकाला सांगा.

जेवणात नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, खर्डा आणि तळ्यातला मासा. वासोट्याला जाताना सकाळीच किती जणांचं आणि किती वाजता ते सांगून जा. साडेचारला येऊन ऐनवेळी मागितलं तर मासा मिळत नाही.

बाकीची तळी थोडक्यात

कण्हेर आणि धोम ही दोन धरणं हायवेजवळ, अर्ध्या दिवसाच्या फिरण्याला ठीक. धोमच्या बाजूला पाऊस खूप कमी, त्यामुळे कासला पाऊस असताना जुलै-ऑगस्टात चालायचंच असेल तर वाईला जा, नृसिंहाचं देऊळ आणि मेणवलीचा घाट जोडून होतो. सांगली जिल्ह्यातलं शिराळ्याकडचं चांदोली, वारणेचा वसंतसागर, जंगल म्हणून अप्रतिम आहे, पण तिथे परवानगी घेऊन गाडीतून फिरायचं असतं, म्हणून पायी सहलीत धरलेलं नाही.

एसटीनं येणार असाल तर साताऱ्याहून बामणोलीच्या गाड्या मोजक्याच आहेत. वेळा स्टँडवर विचारून परतीची शेवटची गाडी लिहून घ्या, वासोटा करून ती सहसा मिळत नाही, म्हणजे दुसरा मुक्काम धरावाच लागतो. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल साताऱ्यातच भरा, एटीएममधून पैसेही तिथेच काढा. परतताना अंधार पडला तर यवतेश्वर घाटात धुक्यात हाय बीम लावू नका, समोर पांढरी भिंत होते. लो बीम आणि डावीकडची कडा धरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.